कापसाचा तंतू, कांद्याचा पापुद्रा, कच्चं केळं: जिवंत पेशी स्वतः पाहायची आणि तपासायची कशी

वेचणीला आलेल्या बोंडातून सरकीसकट कापूस काढा आणि सरकीला चिकटलेल्या रुईतला एकच तंतू चिमटीत धरून हलके ओढा. सरळ करून पट्टीवर ठेवलात तर तो साधारण २८ ते ३० मिलिमीटर भरतो. हा अख्खा तंतू म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालावरची एक पेशी फूल उमलण्याच्या सुमारास लांबायला लागते, तीनेक आठवडे वाढते, मग आतून सेल्युलोजचे थर चढवते आणि बोंड फुटताना वाळून मरते. तिची रुंदी १५ ते २० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा-साठावा भाग. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, दिवाळीच्या आगेमागे कुठल्याही कापसाच्या वावरात नुसत्या डोळ्यांनी दिसणारी पेशी हाताला लागते.

पण ही पेशी मेलेली आहे, तिची फक्त भिंत उरली आहे. १६६५ मध्ये रॉबर्ट हुकने बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले आणि ज्यांना ‘सेल’ हे नाव दिलं, त्याही रिकाम्या भिंतीच होत्या. शाळेत पेशीचा धडा बहुतेक वेळा इथेच अर्धवट राहतो. भिंतींची जाळी दिसते, आकृती काढली जाते, वही मिटते. खरा जीव भिंतीच्या आत असतो आणि तो शाबूत आहे की नाही, हे घरातल्या मिठाने तपासता येतं. म्हणून पुढच्या कृती क्रमाने दिल्या आहेत: आधी कांदा, मग केळं, मग मिठाचं पाणी. वेळ कमी असेल तर केळं वगळा, मिठाचं पाणी वगळू नका.

काय काय लागेल

शाळा-कॉलेजातला साधा मायक्रोस्कोप पुरतो: वर १० पट मोठं दाखवणारी नेत्रिका, खाली ४, १० आणि ४० च्या लेन्स. १०० ची लेन्स तेल लावून वापरायची असते. या कामाला तिची गरज नाही. मायक्रोस्कोप नसेल तर कागदी फोल्डस्कोप चालतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांच्या गटाने तो तयार केला असून तो सुमारे १४० पट मोठं दाखवतो. कांद्याची पेशी, केळ्यातला स्टार्च आणि मिठाच्या पाण्याची परीक्षा, तिन्ही त्यात जमतात.

बाकी सामान असं: काचपट्ट्या, कव्हरस्लिप, ड्रॉपर, टोकदार चिमटा, नवं ब्लेड, एक सुई, टीपकागदाच्या पट्ट्या. टीपकागद नसेल तर टिश्यू पेपर घ्या.

पाणी कोणतं घेता याला महत्त्व आहे. खानदेशात बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड असतं. असल्या पाण्याचा थेंब काचेवर सुकला की कडेने क्षारांचे स्फटिक उरतात आणि मुलं ते पेशीतले कण समजून आकृतीत काढतात. आरओचं पाणी, गाळून ठेवलेलं पावसाचं पाणी किंवा गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. डिस्टिल्ड वॉटर घेताना ते नुसतं पाणी आहे ना, बॅटरीचं अ‍ॅसिड तर नाही ना, हे लेबल वाचून खात्री करा.

रंग दोन. पहिला आयोडीनचा. २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड १० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवा, त्यात १ ग्रॅम आयोडीन घाला, ते विरघळलं की पाणी घालून ३०० मिलिलिटर करा. हा क्रम उलटा करू नका. नुसत्या पाण्यात आयोडीन जवळपास विरघळतच नाही आणि खडे तळाशी राहतात. प्रयोगशाळा हाताशी नसेल तर मेडिकलमधलं बीटाडीनचं द्रावण (मलम नव्हे) एकास पाच पाणी घालून वापरा. त्याचा रंग थोडा फिका येतो, पण स्टार्च ओळखायला पुरेसा होतो. दुसरा रंग मिथिलीन ब्ल्यू: ०.१ ग्रॅम पूड १०० मिलिलिटर पाण्यात. माशांच्या टाक्यांचं सामान विकणाऱ्यांकडे तो तयार मिळतो, मात्र बराच घट्ट असतो. पलीकडची अक्षरं दिसतील इतका पातळ करून घ्या. दोन्ही रंगांचे कपड्यावरचे डाग सहज जात नाहीत.

आरशाचा मायक्रोस्कोप असेल तर तो खिडकीच्या उजेडाकडे वळवा, सूर्याकडे कधीही नाही. थेट ऊन नेत्रिकेतून डोळ्यात गेलं तर कायमची इजा होते. लाइट गेलेली असताना टॉर्च आरशावर धरायचा असेल तर मध्ये बटर पेपर लावा.

पहिली स्लाइड: कांद्याचा पापुद्रा

कांदा उभा चार भागांत कापा. बाहेरच्या वाळक्या साली टाका आणि आतला तिसरा किंवा चौथा मांसल पदर घ्या. तो पाठीच्या बाजूने वाकवून मोडा, म्हणजे आतल्या खोलगट बाजूला पारदर्शक पापुद्रा सुटा होऊन लोंबतो. चिमट्याने तो अलगद ओढा आणि लगेच पाण्याच्या बशीत टाका. हवेत धरून ठेवला तर क्षणात गुंडाळी होते आणि मग तो उलगडता उलगडत नाही.

पाण्यातच ब्लेडने त्याचा ५ मिलिमीटरचा चौकोन कापा. काचपट्टीवर पाण्याचा एक थेंब ठेवून सुईने हा तुकडा त्यात सपाट पसरवा, त्यावर आयोडीनचा एक थेंब टाका, एक मिनिट थांबा आणि जास्तीचं पाणी टीपकागदाने ओढून घ्या. आता कव्हरस्लिप एका कडेवर साधारण ४५ अंशांत टेकवा आणि दुसरी कड सुईच्या आधाराने हळूहळू खाली आणा. वरून आडवी टाकली की खाली हवा अडकते.

हवेचे बुडबुडे हा नवख्यांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. काळ्याकुट्ट जाड कडेचं, आतून चकचकीत, अगदी गोल असं काही दिसलं तर तो बुडबुडा. कांद्याची पेशी कधीही इतकी गोल नसते आणि तिची कड इतकी काळी नसते. शंका आली तर कव्हरस्लिप सुईने किंचित दाबा. बुडबुडा आकार बदलतो किंवा सरकतो.

आधी ४ ची लेन्स लावा. डोळा बाजूला ठेवून, बाहेरून बघत लेन्स आणि काच जवळ आणा, मग नेत्रिकेत पाहत त्या एकमेकांपासून दूर नेत फोकस करा. उलट केलंत तर लेन्स काचेवर आदळते आणि कव्हरस्लिप फुटते. १० वर स्पष्ट दिसलं की हव्या त्या पेशी बरोबर मध्यभागी आणा आणि मगच ४० ची लेन्स फिरवा. ४० वर फक्त बारीक फिरकी वापरायची.

काही दिसत नाही अशी तक्रार येते तेव्हा दहापैकी बहुतेक वेळा दोष उजेडाचा असतो आणि तोही उजेड जास्त असल्याचा. खालचा डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारं झाकण) थोडा थोडा बंद करत जा. पेशी जवळपास पारदर्शक असते. झगमगाटात ती पुसली जाते आणि उजेड कमी केला की कडा उठून येतात. रंग न लावता पाहायचं असेल तेव्हा तर डायफ्रॅम अर्ध्याहून अधिक बंदच हवा.

दिसतं ते असं: विटांसारख्या लांबट पेशी, एकमेकींना चिकटून, मध्ये रिकामी जागा नाही. प्रत्येकीत पिवळसर-तपकिरी रंगाचा एक गोल किंवा चपटा ठिपका असतो, ते केंद्रक. ते बहुधा भिंतीला टेकलेलं दिसतं, कारण पेशीचा मधला सगळा भाग रिक्तिकेने, म्हणजे पेशीरसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेला असतो. पेशीद्रव्याला भिंतीलगतची पातळ पट्टीच उरते आणि केंद्रक त्या पट्टीत बसतं. इथे आयोडीन निळं होत नाही, कारण कांदा आपला साठा स्टार्चच्या रूपात नव्हे तर शर्करांच्या रूपात ठेवतो. हरितलवकंही नाहीत. कांद्याचा पदर म्हणजे पानाचाच भाग असला तरी तो मातीत, अंधारात वाढलेला असतो.

पेशी मोजायची असेल तर ४ च्या लेन्सखाली पारदर्शक पट्टी ठेवून दिसणाऱ्या गोलाचा व्यास मिलिमीटरमध्ये वाचा. तो ४.५ मिलिमीटर आला, तर १० च्या लेन्सला ४.५ × ४ ÷ १० म्हणजे १.८ मिलिमीटर आणि ४० ला ०.४५ मिलिमीटर. १० वर लांबीच्या दिशेने सहा पेशी मावत असतील तर एकीची लांबी १.८ ÷ ६, म्हणजे ०.३ मिलिमीटर किंवा ३०० मायक्रोमीटर. आकृतीखाली नुसतं ‘१०० पट’ लिहिण्यापेक्षा हा आकडा लिहा, त्यातून काहीतरी कळतं.

पापुद्र्यात दोन थर एकावर एक आले तर भिंतींचा गुंता दिसतो. दुसरा तुकडा घ्या. सगळंच तपकिरी झालं असेल तर आयोडीन जास्त झालंय. कव्हरस्लिपच्या एका कडेला पाण्याचा थेंब ठेवा आणि समोरच्या कडेला टीपकागद लावा, पाणी खालून वाहून रंग धुऊन नेतं. हा हात आत्ताच बसवून घ्या, मिठाच्या प्रयोगात तोच लागणार आहे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात असतो तेव्हा स्लाइड बघता बघता सुकते. पंखा बंद ठेवा, काम सकाळी करा आणि कव्हरस्लिपच्या दोन समोरासमोरच्या कडांना व्हॅसलिनची बारीक रेघ ओढा. उरलेल्या दोन कडा पाणी घालायला मोकळ्या राहतात.

दुसरी स्लाइड: कच्चं केळं आणि पिकलेलं केळं

रावेर, यावल, चोपडा भागात मृगबाग असो की कांदेबाग (केळी लागवडीचे दोन हंगाम), हिरवं केळं वर्षभर मिळतं. एकाच फणीतली चार केळी घेतलीत तर उत्तम: एक आज हिरवं असतानाच वापरायचं, बाकीची घरात पिकू द्यायची आणि अर्धवट पिवळं, पूर्ण पिवळं, सालीवर काळे ठिपके आलेलं अशा टप्प्यांवर पाहायची. प्रत्येक वेळी केळ्याच्या मध्यावरून आणि साल व गाभा यांच्या बरोबर मधून नमुना घ्या. गर सगळीकडे सारखा पिकत नाही, त्यामुळे जागा बदलली तर तुलना बिघडते.

केळं आडवं कापा. टूथपिकच्या टोकावर टाचणीच्या डोक्याएवढा गर घ्या, जास्त नको. काचेवर पाण्याच्या थेंबात तो हलक्या हाताने पसरवा, घासू नका. आधी रंगाशिवाय पाहा, मग कडेने आयोडीनचा थेंब सोडा. आयोडीन इथे एकास दहा पाणी घालून पातळ केलेलंच हवं. नेहमीच्या तीव्रतेचं टाकलंत तर सगळं मैदान काळं होतं आणि आतलं काही कळत नाही. बीटाडीन वापरत असाल तर मूळ द्रावण एकास वीसपर्यंत पातळ करून पाहा.

कच्च्या केळ्यात पोत्यात ठासून ज्वारी भरावी तशा पेशी स्टार्चच्या कणांनी गच्च भरलेल्या दिसतात. कण लांबट, अंड्याच्या किंवा बोटाच्या आकाराचे. आयोडीन पोचलं की कडेपासून निळे-जांभळे होत काळपट होतात. बरेच कण पेशीबाहेर तरंगत असतात, कारण कापताना पेशी फुटतात. सगळेच बाहेर दिसत असतील तर तुम्ही गर घासलाय. हिरव्या केळ्याच्या गरात वजनाच्या सुमारे २० ते २५ टक्के स्टार्च असतो. केळं पूर्ण पिकेपर्यंत तो एक-दोन टक्क्यांवर येतो, बाकीच्याची साखर झालेली असते.

म्हणून पिकलेल्या केळ्याची स्लाइड अगदी निराळी दिसते. मोठ्या, फुगीर, पातळ भिंतीच्या पिशव्या आणि एखाद-दुसऱ्या पिशवीत झिजलेल्या कडांचे थोडेसे निळे कण. या पेशी सुट्या सुट्या होतात, ही आणखी एक गंमत. पिकताना शेजारच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विकरांनी विरघळतं, त्यामुळे बोटाला केळं मऊ लागतं आणि काचेवर एकेक पेशी अख्खी मिळते. पूर्ण पेशी सुटी बघायची असेल तर पिकलेल्या केळ्यासारखं साधन नाही. हे बदल घडवून आणायला केळं जिवंत लागतं: एथिलीनचा इशारा घेणं, विकरं तयार करणं, श्वसन वाढवणं ही सगळी जिवंत पेशीची कामं आहेत. उकडलेलं कच्चं केळं कितीही दिवस रायपनिंग चेंबरमध्ये ठेवलं तरी पिकणार नाही.

केळीच्या बागेत गेलातच तर पानाचा देठ मोडून दोन्ही तुकडे सावकाश दूर ओढा. मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे चिवट धागे ताणले जातात. त्यातला एक काचेवर घेऊन १० च्या लेन्सखाली पाहा, स्प्रिंगसारखी वेटोळी दिसतील. पाणी वाहणाऱ्या नलिकांच्या भिंतींवरची ही जाडी आहे. या पेशी मरून पोकळ झाल्यावरच कामाला लागतात. कपडे जपा, केळीच्या चिकाचे डाग धुतल्याने जात नाहीत.

मिठाचं पाणी: जिवंतपणाची परीक्षा

पेशीला बाहेरून भिंत आणि तिच्या आतून चिकटलेलं प्रद्रव्यपटल. भिंतीतून पाणी, मीठ, साखर सगळं आरपार जातं. पटल मात्र पाण्याला सहज जाऊ देतं आणि मीठ अडवतं. हे पटल फक्त ७-८ नॅनोमीटर जाड आहे. प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक काही वेगळं दाखवता येत नाही, म्हणजे ते थेट दिसणं शक्यच नाही. त्याला भिंतीपासून सोडवलं की त्याची जागा मात्र दिसते. प्रयोग एवढ्यासाठीच आहे.

इथे लाल-जांभळा कांदा हवा आणि पापुद्रा बाहेरच्या फुगीर बाजूचा हवा. रंग त्याच पेशींच्या रिक्तिकेत असतो, आतल्या बाजूचा पापुद्रा बिनरंगी निघतो. बाहेरचा पापुद्रा सहज सुटत नाही. ब्लेडने ५ मिलिमीटरच्या चौकोनाच्या चारही बाजू हलक्या खाचा आणि एका कोपऱ्यातून चिमट्याने सोला. गडद जांभळ्या भागातला तुकडा घ्या. कुंड्यांमध्ये लावतात तो ऱ्हिओ मिळत असेल तर त्याच्या पानाच्या खालच्या जांभळ्या बाजूचा पापुद्रा याहून सोपा निघतो. कोणताही रंग लावायचा नाही. आयोडीनने पेशी मरतात.

१०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवा. काटा नसेल तर चहाचा एक सपाट चमचा साधारण तेवढाच भरतो. मिठातल्या भुकटीने पाणी गढूळ झालं तर दहा मिनिटं स्थिर ठेवून वरचं निवळ पाणी घ्या.

पापुद्रा साध्या पाण्यात बसवा आणि १० च्या लेन्सवर पाहा. जांभळा रंग भिंतीपासून भिंतीपर्यंत भरलेला दिसेल. आता नजर न हलवता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचे दोन थेंब आणि समोरच्या कडेला टीपकागद. दोन ते पाच मिनिटांत रंगीत भाग कोपऱ्यांतून सुटायला लागतो, आकसतो, गडद होतो आणि शेवटी भिंतीच्या चौकटीत एक किंवा दोन जांभळे गोळे उरतात. भिंत जागची हलत नाही. त्या गोळ्याची कड म्हणजे पटलाची जागा. हाच रससंकोच. परीक्षेत नेहमी विचारतात की भिंत आणि गोळा यांच्यामध्ये काय असतं. हवा नाही, भिंतीतून आत आलेलं मिठाचं पाणीच असतं.

लगेच उलटी कृती करा. त्याच कडेने साधं पाणी सोडा, टीपकागद बदलत राहा. पाच-दहा मिनिटांत गोळे फुगून पुन्हा भिंतीला टेकतात. ज्या पेशी अशा परत फुगल्या, त्या जिवंत. पाणी सावकाश सोडा. एकदम बदललं तर काही पटलं फाटतात आणि रंग पसरतो. मिठात अर्धा तास ठेवून दिल्यावर परत फुगण्याची आशा धरू नका.

जोडीला मेलेला नमुना पाहिल्याशिवाय हा प्रयोग पूर्ण होत नाही. तशाच पापुद्र्याचा दुसरा तुकडा ७० अंशांच्या गरम पाण्यात तीन मिनिटं बुडवा. पाणीच फिकट जांभळं होतं. स्लाइड केली तर पेशी फिक्या, भिंती जशाच्या तशा, आणि मीठ घातलं तरी काहीही आकसत नाही. उष्णतेने पटलातली प्रथिनं बिघडली, आतलं-बाहेरचं वेगळं ठेवणारं काही उरलं नाही. भरताचं वांगं काड्यांच्या आरावर भाजताना ते खचतं आणि पाणी सोडतं, त्यामागे हेच आहे: पटलं फुटतात, पेशींचा ताण जातो, रस बाहेर येतो. भिंती पुष्कळशा शाबूत असतात, म्हणून ठेचल्यावर रेषा लागतात.

वेळ असेल तर १, २, ३ आणि ५ टक्के अशी चार पाणी करा. प्रत्येकात वेगळा तुकडा दहा मिनिटं ठेवा आणि ५० पेशींपैकी किती आकसल्या ते मोजा. साधारण निम्म्या पेशी ज्या पाण्यात नुकत्याच कोपऱ्यांतून सुटायला लागतात, त्याची तीव्रता पेशीरसाच्या जवळपास असते. १ टक्क्यात बहुधा काहीच होत नाही आणि ५ टक्क्यांत जवळजवळ सगळ्या आकसतात. खरी माहिती मधल्या दोन पाण्यांत मिळते. ठिबकमधून खत जास्त घट्ट सोडलं की ओल असूनही पीक सुकतं आणि पानांच्या कडा करपतात, ते याच कारणाने. मुळाभोवतीचं पाणी पेशीरसापेक्षा तीव्र झालं की मुळाला पाणी ओढता येत नाही. शेतीच्या घरातल्या मुलांना परासरण, म्हणजे पटलातून होणारी पाण्याची ही ये-जा, शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

प्रयोग फसला तर कारण बहुधा या तिघांपैकी एक असतं. कांदा जुना, कोंब आलेला किंवा फ्रीजमध्ये गोठलेला होता, पेशी आधीच मेलेल्या. टीपकागद लावायचा राहिला, मीठ तुकड्यापर्यंत पोचलंच नाही. किंवा आतल्या बाजूचा बिनरंगी पापुद्रा घेतला गेला, आकसणं घडलं पण दिसलं नाही.

हालचाल पाहायची असेल तर हायड्रिला

तापी-गिरणेच्या संथ डोहांत, पाटचारीत किंवा माशांच्या टाकीच्या दुकानात हायड्रिला मिळतो. नदीकाठी त्याला सरसकट शेवाळच म्हणतात. बारीक टोकदार पानं दांड्याभोवती चक्रात असतात. ज्या पाण्यातून आणलात तेच पाणी बादलीत घ्या आणि सावलीत ठेवा. उन्हात बादली तापली की तो दुपारपर्यंत मरतो.

शेंड्याजवळचं कोवळं पान तोडून त्याच पाण्याच्या थेंबात ठेवा. पान बहुतेक ठिकाणी दोनच पेशी जाड असतं, काप घ्यावा लागत नाही. पाच-दहा मिनिटं उजेडात राहू द्या आणि ४० च्या लेन्सखाली मधल्या शिरेजवळच्या पेशी पाहा. हिरवे दाणे, म्हणजे हरितलवकं, भिंतीलगत रांगेने फिरताना दिसतील. ती स्वतः पोहत नाहीत, वाहणारं पेशीद्रव्य त्यांना घेऊन जातं. सुरुवातीला सगळं थांबलेलं वाटतं. एकाच पेशीवर नजर ठेवून दोन मिनिटं धीर धरा. थंडीत पाणी कोमट केलं तर वेग वाढतो. कडेने स्पिरिटचा एक थेंब सोडला की प्रवाह थांबतो आणि पुन्हा सुरू होत नाही.

भिंत नसलेली पेशी, आणि यीस्ट

गालाच्या आतली पेशी पटकन होते. चूळ भरा, नव्या इअरबडने गालाची आतली बाजू हलके घासा, ०.९ टक्के मिठाच्या पाण्याच्या थेंबात पसरवा, मिथिलीन ब्ल्यूचा थेंब, एक मिनिट, कव्हरस्लिप. सुमारे ५०-६० मायक्रोमीटरच्या चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी आणि मध्ये गडद निळं केंद्रक. भिंत नसल्याने कड दुमडलेलीही दिसते. प्रत्येकाने स्वतःचाच नमुना हाताळावा. इअरबड आणि काच लगेच ब्लीचच्या पाण्यात टाकावी.

यीस्टमध्ये जिवंत-मेलेलं एकाच काचेवर मोजता येतं. बेकरीचं कोरडं यीस्ट पाव चमचा, साखर एक चमचा, कोमट पाणी १०० मिलिलिटर. वीस मिनिटं ठेवा. त्यातला थोडा भाग वेगळा काढून उकळा आणि गार करा. दोन्हींचा एकेक थेंब घेऊन त्यात दहापट पातळ केलेलं मिथिलीन ब्ल्यू तेवढंच मिसळा, पाच मिनिटं थांबा आणि ४० वर पाहा. जिवंत पेशी रंग बराचसा बाहेर ठेवते आणि आत शिरलेला थोडा रंग रासायनिक क्रियेने बिनरंगी करून टाकते. मेलेली पेशी निळीशार होते. उकळलेल्यात सगळ्या निळ्या दिसल्या पाहिजेत, तरच पहिल्या काचेवरची मोजणी धरायची. जास्त वेळ ठेवलं तर जिवंत पेशीही हळूहळू रंगतात, म्हणून दोन्ही काचा एकाच वेळेला मोजा. काही पेशींना कळी फुटलेली असेल; मूळ पेशीला चिकटलेली कळी वेगळी न मोजता एकच धरा.

आवरताना

मिठाचं पाणी लेन्सला किंवा स्टेजला लागलं असेल तर ओल्या मऊ कापडाने लगेच टिपा, सुकू देऊ नका, धातू गंजतो. लेन्स लेन्स-पेपरनेच पुसा. शर्टाच्या टोकाने पुसलं तर धुळीतल्या वाळूचे ओरखडे पडतात आणि ते कायमचे राहतात. काचपट्ट्या साबणाच्या पाण्यात धुऊन शेवटी डिस्टिल्ड पाण्यातून काढा. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, तेव्हा मायक्रोस्कोप झाकून ठेवताना खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. आतल्या दाण्यांचा रंग बदलला की ते पुडीतून काढून तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात.